कारणाचा रकाना

जानेवारीत सान लोरेन्सोच्या आमच्या कारखान्यात
ट्रक दिवसातून तीनदा येतो.
फळीवर दोरखंडानं बांधलेले ट्रान्सफॉर्मर,
कुणाचं पोट फुगलेलं, कुणाची चिनीमातीची मान तडकलेली,
आणि पाराग्वेच्या लाल मातीवर
फाटकापासून आतपर्यंत तेलाची काळी रेघ.

वाइंडिंगला आम्ही तिघी. झाकण मी उघडते.
आधी वास घ्यायचा.
जळक्या कागदाचा असेल, तर भार:
अख्ख्या वस्तीचे एसी एका खांबावर, दुपारभर, रात्रभर,
वर कुणाच्या तरी आकड्याची तार.
ओलसर, आंबूस असेल, तर झाकणाचं रबर चाचपायचं.
चिरलेलं असतं.
तेलाला थेंबभर पाऊस पुरतो.
कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी संशयानं म्हणत नाही,
टॉर्च मारून म्हणते.

गेल्या आठवड्यात एकाच्या माथ्यावर
पोपटांच्या घरट्याच्या काड्या होत्या, अर्ध्या जळालेल्या.
वीज पडून मेलेला वेगळा कळतो:
वरचे वेढे विस्कटलेले, बाकी सगळं नवंकोरं.
तडितरोधक होता त्याला.
जमिनीत जाणारी तार तेवढी कुणीतरी कापून
तांब्याच्या भावानं विकली होती.

आज २११७.
आमच्याच गल्लीच्या टोकाचा.
याच्या उजेडात मी पाढे पाठ केले.
एक गुंडाळी कोळसा, शेजारच्या दोन जवळपास धडधाकट.
सोबतच्या पिशवीत फ्यूज. हातात घेतला आणि थांबले.
फ्यूज नव्हताच तो. जाड तांब्याची तार, तीन पेडांची,
टोकाला उलटा पीळ.
असा पीळ आख्ख्या खात्यात एकच माणूस घालतो,
डावखुरा काटालिनो ओवेलार.
माझा बाप.

नाताळची आदली रात्र. फ्यूज तिसऱ्यांदा उडालेला,
गाडीत मापाचा एकही शिल्लक नाही.
खाली गल्ली उभी, हातात मेणबत्त्या, तोंडात शिव्या,
आणि दोन्या देओलिंदा, काही न बोलता,
तिचं इन्सुलिन बंद फ्रिजमध्ये.
बाबांनी शिडीवरून तिच्याकडे बघितलं,
मग खिशात हात घातला.
दिवे आले. टाळ्या वाजल्या.
कुणीतरी त्यांना गार सायडर पाजली.
टाळ्या मीही वाजवल्या.

एवढ्याशा तारेनं जळून जायचं,
मोठ्याचं मरण अंगावर घ्यायचं, ते तिचं काम.
त्या रात्रीपासून मधे कुणी उरलं नाही.
अकरा दिवस २११७ नं सोसलं.
बाराव्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता.

फॉर्मवर 'कारण' असा रकाना असतो, बोटभर रुंद.
मी लिहिलं: चुकीचा फ्यूज.
जागा संपली. कागद उलटा केला.
प्रत्येक गाडीत मापाचे फ्यूज ठेवा, वीस तरी.
जूनच्या थंडीत भार मोजा, तिन्ही तारांचा वेगवेगळा;
एकीच्या डोक्यावर सगळं ओझं आणि दोघी मोकळ्या,
हे घरात खपतं, खांबावर खपत नाही.
वर्षातून एकदा बाटलीभर तेल काढून तपासा.
या गल्लीला दुसरा ट्रान्सफॉर्मर द्या.
मागणी चौथ्यांदा. आधीचे तीन अर्ज जोडले आहेत.
खाली सही केली,
आडनावासकट.

संध्याकाळी बाबा तेरेरेचा थर्मास घेऊन आले.
"काय निघालं?"
मी पिशवी पुढे सरकवली.
पीळ त्यांनी लगेच ओळखला.
बराच वेळ पेल्यातला बर्फ हलवत बसले.
"देओलिंदाचं औषध?"
"बिघडलं. बर्फ आणला होता, तरी."
"नवीन?"
"दिलं आणून."
ते उठले, पँटला हात पुसले,
आणि नव्या गुंडाळीवर मी कागद चढवत होते
त्याचं सुटं टोक धरून उभे राहिले,
डाव्या हातानं.